पानभर मध

मराठी पंगतीत पदार्थ एकामागून एक येत नाहीत. पान मांडले की डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, आणि गोडाची वाटीही बहुधा सुरुवातीपासूनच हजर असते. जेवणारा चटणीला बोट लावतो, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवतो, मध्येच खिरीचा घोट घेतो आणि पुन्हा चटणीकडे वळतो. म्हणून पानातल्या प्रत्येक पदार्थात मध घालून पाहुण्यांना जेवायला बोलावणे सोपे नाही. सगळीकडे एकच गोडवा पसरला तर चार घासांत जीव विटतो. अशी पंगत साधायची तर आधी एक गोष्ट पटावी लागते. मध हा साखरेच्या डब्याला पर्याय नाही. तो आंबट आहे, सुगंधी आहे, पाणी ओढून घेणारा आहे आणि आच न सोसणारा आहे. गोडवा हा त्याच्या गुणांपैकी एक. बाकीचे गुण ओळखून त्याला कामाला लावले तर आठ पदार्थांत घातलेला मध आठ वेगळी कामे करतो.

अशी पंगत घाटनांदूरला मांडावी, असे मला वाटते. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर, परळी आणि लातूर रोड यांच्या मधल्या लोहमार्गावर हे गाव आहे. हा भाग कोरडवाहू शेतीचा. ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन आणि करडई ही इथली पिके. महाबळेश्वरसारखे दाट जंगल इथे नाही. तरीही मधाच्या जेवणाला लागणारे जवळजवळ सगळे इथल्या शेतात आणि बांधावर मिळते.

मधाने पाहुण्याचे स्वागत करणे आपल्याकडे जुनेच आहे. लग्नात वराला मधुपर्क देतात, त्यात दही आणि मध असतो, बहुधा तूपही. पूजेच्या पंचामृतात दूध, दही, तूप आणि साखर यांच्या जोडीला मध असतो. आजारी माणसाला सितोपलादि चूर्णाचे चाटण मधातून देतात. देव, वर आणि रुग्ण यांच्यासाठी घरात मध असतोच. रोजच्या जेवणात मात्र त्याला जागा नसते. ती जागा कशी द्यायची, हा या लेखाचा विषय.

पंगतीचा मुहूर्त

लातूर-धाराशिवपासून अंबाजोगाईच्या परिसरापर्यंत मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या, म्हणजेच येळवस, साजरी होते. त्या दिवशी शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते आणि आप्तेष्टांना बोलावून शेतातच जेवण होते. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर हा त्या दिवसाचा थाट. मधाच्या पंगतीसाठी याहून चांगला नमुना शोधायची गरज नाही. फक्त मुहूर्त थोडा पुढे, माघात न्यावा. तोवर करडई फुललेली असते, हुरडा असतो, ओल्या लाल मिरच्या असतात आणि आवळेही अजून मिळतात. शिवाय माघातली दुपार शेतात बसण्याजोगी असते.

मध कोणाचा आणि कसा

आपल्याकडे मध देणाऱ्या माश्या मुख्यतः पाच. आग्या माशी उंच झाडावर, कड्याला किंवा पाण्याच्या टाकीला एकच भलेमोठे पोळे लटकवते. ती पेटीत राहत नाही आणि हंगामानुसार स्थलांतर करते. फुलोरी माशी लहान. ती झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे बांधते आणि त्यातून थोडाच मध मिळतो. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून तिला पेटीत पाळता येते. मेलिफेरा ही युरोपीय माशी १९६० च्या दशकात भारतात रुजली. पेट्या ट्रकवर घालून फुलोऱ्यामागे फिरणारे मधपाळ बहुधा हीच माशी पाळतात, कारण तिचे उत्पन्न सातेरीपेक्षा कितीतरी जास्त. पाचवी डंख नसलेली, घरमाशीहूनही बारीक. तिचा मध आंबटसर असतो आणि फारच थोडा मिळतो.

पंगतीसाठी दोन प्रकारचा मध आणावा. एक सौम्य, फिकट, खिरीसाठी आणि सरबतासाठी. दुसरा गडद आणि उग्र, अनेक रानफुलांचा, चटणी आणि भोपळ्यासाठी. दोन्ही चाखून ठरवावेत. तूर, करडई, सूर्यफूल, कडुलिंब, बोर, बाभूळ, जांभूळ अशा वेगवेगळ्या फुलोऱ्यांचा मध रंगाने, वासाने आणि घट्टपणाने वेगळा असतो. नुसता ‘मध’ म्हणून घेणे म्हणजे नुसते ‘फळ’ म्हणून पिशवी भरण्यासारखे आहे.

शुद्धतेचा प्रश्न खरा आहे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये बाजारातल्या १३ ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली. त्यातले फक्त ३ सगळ्या चाचण्यांत उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचे केंद्राने म्हटले. ही भेसळ ओळखायला प्रगत प्रयोगशाळा लागते. पाण्यात थेंब टाकणे, कापसाची वात बुडवून पेटवणे, कुत्र्यापुढे ठेवणे, या घरगुती परीक्षांवर विसंबू नये. त्या ओलावा आणि घट्टपणा फार तर दाखवतात. पाक कशाचा आहे ते सांगत नाहीत. ओळखीच्या मधपाळाकडून, कुठल्या फुलोऱ्याचा आणि कधी काढलेला हे विचारून मध घेणे हाच घरच्या माणसासाठी खात्रीचा रस्ता.

मध गोठला, त्यात रवा धरला, की लोक भेसळीचा संशय घेतात. तो चुकीचा आहे. मधात फ्रुक्टोज सुमारे ३८ टक्के, ग्लुकोज सुमारे ३१ टक्के आणि पाणी १७ ते १८ टक्के असते. एवढ्या थोड्या पाण्यात ग्लुकोज विरघळून राहू शकत नाही, त्याचे कण बाहेर पडतात. ज्या मधात ग्लुकोज जास्त तो लवकर गोठतो. सूर्यफुलाचा मध त्यासाठी प्रसिद्ध आहे. थंडीत हे अधिक वेगाने घडते, म्हणून माघात बरणी गोठलेली निघाली तर नवल नाही. ती कोमट पाण्यात उभी करून ठेवावी, मध पुन्हा पातळ होतो. चुलीवर मात्र चढवू नये.

आचेचा नियम

आयुर्वेदाने तापवलेला मध वर्ज्य मानला आहे. मध आणि तूप समप्रमाणात घेऊ नये, हाही त्याचाच दंडक. आधुनिक विज्ञान शिजवलेल्या मधाला विष म्हणत नाही, पण आचेने मधाचे नुकसान होते हे तेही सांगते. सुगंधी घटक उडून जातात. माशीने मिसळलेली एन्झाइमे निकामी होतात. एचएमएफ नावाचे संयुग वाढते, आणि मध किती तापवला गेला किंवा किती जुना आहे हे प्रयोगशाळा त्यावरूनच ओळखते. शिवाय फ्रुक्टोज साखरेच्या मानाने खूप कमी तापमानाला, ११० अंशांच्या आसपास, तांबूस होऊ लागते. म्हणून कढईत मध साखरेआधी करपतो.

पोळ्याच्या मध्यभागी, जिथे माश्या पिल्ले वाढवतात, तिथे तापमान ३५ अंशांच्या आसपास राखलेले असते. मधाला एवढीच ऊब सवयीची. यजमानाने स्वयंपाकघरात एकच नियम पाळावा: पदार्थ चुलीवरून उतरावा, त्यात बोट सहज ठेवता येईल इतका निवावा, आणि मग मध घालावा. हा नियम परंपरा मानणाऱ्यालाही चालतो आणि विज्ञान मानणाऱ्यालाही.

पान मांडताना

दहा माणसांसाठी पाव किलो मध पुरे. माणशी २५ ग्रॅम. त्याची वाटणी अशी.

सुरुवातीला आवळ्याचे सरबत. किसलेल्या आवळ्याचा रस, माठातले पाणी, काळे मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि माणशी ४ ग्रॅम मध. आवळा आंबट-तुरट असतो. मध त्याचा तुरटपणा झाकत नाही, त्याच्या कडा बोथट करतो. मध गार पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या रसात घोटून घ्यावा. याच्या जोडीला कोवळा हुरडा. गूळभेंडीसारख्या ज्वारीची कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून पाहुण्यांच्या हाती द्यावीत. हुरडा स्वतःच गोड असतो, त्याला मध नको.

चटणीच्या जागी रंजका. ओल्या लाल मिरच्या, लसूण, मीठ आणि लिंबाचा रस वाटून केलेला हा ठेचा मराठवाड्यात आणि सोलापूरकडे थंडीत होतो. त्यात माणशी १ ग्रॅम गडद मध. गोडवा जिभेवरची मिरचीची आग थोडी उतरवतो, आणि मग मिरचीचा स्वतःचा स्वाद कळतो, जो नुसत्या तिखटात हरवलेला असतो. हा रंजका ताजा करून त्याच दिवशी संपवावा.

कोशिंबीर गाजर आणि मुळ्याची. लिंबू, दाण्याचे कूट, कोथिंबीर आणि माणशी २ ग्रॅम मध. इथे वेळेला महत्त्व आहे. मधाची पाणी ओढण्याची ताकद मोठी, त्यातून मीठही तेच करते. दोन्ही आधी घातली तर गाजरातले पाणी बाहेर येते आणि पान वाढेपर्यंत कोशिंबिरीचे सार होते. म्हणून मध, लिंबू आणि मीठ वेगळे घोटून ठेवावे आणि पंगत बसल्यावर मिसळावे. दाण्याचे कूट सुटलेले थोडे पाणी धरून ठेवते.

भाजीत लाल भोपळा. जाड फोडींना करडईचे तेल आणि मीठ चोळून निखाऱ्यावर भाजावे. कडा काळसर झाल्या की परातीत काढावे, वाफ बसू द्यावी आणि मग मध व चमचाभर रंजका एकत्र करून वरून लावावा. माणशी ३ ग्रॅम. फोडी उबदार असल्याने मध पातळ होऊन आत झिरपतो, पण करपत नाही. पूर्ण जेवणात मधाचा उग्रपणा सर्वांत जास्त इथेच खपतो.

तुरीच्या आमटीत आपण चिंच-गूळ घालतोच. इथे गूळ वगळावा, आमटी वाटीत वाढावी आणि कोमट झाल्यावर वरून मधाचा लहानसा थेंब, माणशी १ ग्रॅम. आमटी गोड करायची नाही, चिंचेच्या आंबटपणाला फक्त आधार द्यायचा. मध स्वतः आम्लधर्मी आहे. त्याचा पीएच साधारण ४ च्या आसपास असतो. म्हणून चिंचेच्या सोबत तो सहज मिसळतो.

भाकरीवर लोण्याचा गोळा आणि शेजारी ५ ग्रॅम मध, कशातही न मिसळलेला. पंगतीतली मधाची खरी चव इथे. दोन प्रकारचे मध असतील तर दोन्हींची बोटे शेजारी-शेजारी ठेवावीत आणि पाहुण्यांना फरक ओळखू द्यावा. ज्वारीच्या भाकरीचा खमंग पापुद्रा, ताज्या लोण्याचा किंचित आंबटपणा आणि मध, एवढ्यात कोणताही चौथा पदार्थ आणू नये.

गोडाला गव्हाची खीर. कांडलेले गहू मऊ शिजवून त्यात दूध, खारीक आणि वेलची. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटते, हे प्रत्येक सुगरणीला माहीत असते. मधही आम्लधर्मी, म्हणून इथेही खीर निवल्यावरच वाटीत माणशी ७ ग्रॅम घालावा. खारकेचा गोडवा सोबत असल्याने तेवढा पुरतो. रोजच्यापेक्षा ही खीर कमी गोड लागेल. पहिल्या दोन घासांनंतर गव्हाची चव पुढे येते.

शेवटी मुखशुद्धीला मधात मुरवलेल्या आवळ्याची एक फोड, जिच्यावर २ ग्रॅम मध चिकटून येतो. मधातली साखर आवळ्यातले पाणी ओढून घेते, स्वतः आत शिरते, आणि जंतूंना वाढायला लागणारे पाणी शिल्लक राहत नाही. मध स्वतः वर्षानुवर्षे टिकतो त्याचे मुख्य कारणही हेच.

सरबताचे ४, रंजक्याचा १, कोशिंबिरीचे २, भोपळ्याचे ३, आमटीचा १, भाकरीचे ५, खिरीचे ७ आणि आवळ्याचे २. बेरीज २५.

कोणाला नको, हे आधी विचारा

२५ ग्रॅम मधात सुमारे २० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मधातल्या साखरेलाही वरून घातलेल्या साखरेतच मोजते आणि ती दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम असे सुचवते. म्हणजे या पंगतीत दिवसाचा वाटा जवळजवळ भरतो. त्या दिवशी चहात साखर नको. मध नैसर्गिक आहे म्हणून मधुमेही माणसाला चालतो, हा समज घातक आहे. त्यांच्यासाठी खीर आणि सरबत मधाविना वेगळे काढावे.

एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. नवजात बाळाला मध चाटवण्याची चाल घराघरांत प्रेमापोटी पाळली गेली, पण आता तिला निरोप द्यायला हवा. पंगतीत कडेवरचे बाळ असेल तर आजी-आजोबांना हे आधीच नीट सांगावे.

जैन कुटुंबे मध खात नाहीत. त्यांना बोलावले असेल तर गुळाची खीर आणि साधी चटणी त्याच मानाने मांडावी. परागकणांची किंवा मधाची अॅलर्जी कोणाला आहे का, हेही विचारून घ्यावे.

पानामागचे शेत

कामकरी माशी तिच्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा सुमारे बारावा भाग मध तयार करते. चमचाभर मध म्हणजे ७ ग्रॅम. या हिशेबाने पाव किलो मध हे चारशेहून अधिक माश्यांचे आयुष्यभराचे काम. पण या पंगतीत माशीचे देणे मधापुरते नाही. भोपळ्याच्या वेलावर नरफूल वेगळे आणि मादीफूल वेगळे; कीटकाने पराग नेला नाही तर भोपळा धरतच नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर, म्हणून कांद्याचे बी धरायला परपरागीभवन लागते आणि बीजोत्पादक शेतकरी पेट्या भाड्याने आणतात. सूर्यफुलाचे दाणे माशीच्या फेऱ्यांनी भरतात. करडई स्वतःच्या परागावरही धरते, पण माश्या आल्या तर बोंडे अधिक भरतात. कोथिंबीर, गाजर आणि मुळा यांचे पुढल्या वर्षीचे बियाणेही कीटकांच्या जिवावर आहे.

सगळेच काही मधमाशीचे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्वारी आणि गहू तिच्यावाचून पिकतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे परागीभवन बारीक भुंगेरे करतात. प्रत्येक पिकाचा कीटक वेगळा, म्हणून बांधावर विविधता लागते.

गेल्या काही दशकांत मराठवाड्यात करडई आणि सूर्यफुलाचे क्षेत्र घटले, सोयाबीन आणि हरभरा वाढला. हरभऱ्याच्या फुलात परागीभवन फूल उमलण्याआधीच उरकते. शेतकऱ्याने पीक बदलले ते बाजारभाव पाहून, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण माशीच्या दृष्टीने रब्बीतले भरलेले ताट रिकामे झाले. त्यात फुलोऱ्यात सकाळी फवारणी झाली की चरायला आलेल्या माश्या शेतातच मरतात. फुलोऱ्यात फवारणी टाळणे, आणि टाळता येत नसेल तर ती माश्या परतल्यावर संध्याकाळी करणे, यासाठी वेगळा खर्च लागत नाही. बोर, बाभूळ, कडुलिंब, करंज, चिंच आणि शेवगा बांधावर राहू दिले तर पिके नसतानाही माश्यांना चारा मिळतो.

महाराष्ट्रात या कामाला संस्थांचा आधार आहे. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि त्याच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण व पेट्यांसाठी निम्मे अनुदान मिळते. महाबळेश्वरजवळचे मांघर मे २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. नंतर कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगाव त्या वाटेने गेले. ही दोन्ही गावे सह्याद्रीच्या जंगलातली. घाटनांदूरला जंगल नाही, पण करडईचा एक पट्टा, बांधावरची झाडे आणि दहा-वीस पेट्या एवढ्यावर कोरडवाहू गावाचा स्वतःचा मध उभा राहू शकतो. त्या मधाला करडईचा आणि बोरीचा स्वाद असेल, जो महाबळेश्वरला मिळणार नाही.

म्हणून माघात अशी पंगत घालणाऱ्याने शेजारच्या दोन शेतकऱ्यांना आणि फिरत्या मधपाळाला जेवायला जरूर बोलवावे. करडई कोणी किती पेरायची, पेट्या कोणाच्या बांधावर ठेवायच्या आणि फवारणी कोणत्या वेळी करायची, हे तिथेच ठरवता येते. येळवशीला शेतात जेवायची रीत या भागात आहेच. तिच्या जोडीला मधाची ही पंगत दरवर्षी घातली, तर पुढच्या वर्षीचा पाव किलो मध विकत आणावा लागणार नाही.